ग्विलिमने लेकीला देऊ केलेली कवळी

खुर्ची जरा विस्तवाकडे ओढून घे. बाहेर वारा सुटलाय, आणि माझा आवाज आता पहिल्यासारखा चढत नाही. तुला एका दाताची गोष्ट सांगते. हसू नकोस. त्या एका दातापायी एकाच छपराखाली बाप-लेक कितीतरी दिवस मुकाट्याने जेवली, एवढी ती गोष्ट मोठी आहे.

आयर्लिस माझ्यापुढच्या बाकावर बसायची. चॅपेलच्या, म्हणजे गावातल्या आमच्या प्रार्थनाघराच्या, चाव्या माझ्याकडे, म्हणून सगळे मला चाव्यांची नेस्टा म्हणतात. त्या चाव्यांच्या कृपेने मी एकही प्रवचन कधी चुकवलं नाही. प्रवचनकार आधी साधं बोलतो, समजावतो, दटावतो, आणि मग कुठेतरी त्याच्या शब्दांना आपोआप सूर लागतो. तो बोलतोय की गातोय हे त्याचं त्यालाही कळत नाही, आणि खाली बसलेल्यांच्या अंगावर काटा येतो. त्या वेळी पुढून मला आयर्लिसचा आवाज ऐकू यायचा. स्वच्छ, थंड, डोंगरातल्या झऱ्यासारखा. देवाने तो आवाज दिला खरा, पण वर एक वाकडा सुळाही दिला. उजवीकडचा. हिरडीत वर अडकलेला, पुढच्या दातावर चढून बसलेला. ती गावातल्या दुकानात कामाला होती, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना ओठ घट्ट मिटून हसायची.

तिची आई ती लहान असतानाच गेली. बाप ग्विलिम खाणीत पाटीचा दगड फोडायचा. बोलणं कमी, खोकणं जास्त. शेजारच्या खोऱ्यातल्या एमलिनशी तिचं लग्न ठरलं तेव्हा ग्विलिमने आपल्याकडचा बाप जे करतो तेच केलं. लेकीला कवळी देऊ केली.

आता तुम्हा पोरांना हे ऐकून शहारे येतात. पण तेव्हा मुलगी सासरी जायची ती सगळे दात काढून, नवी कोरी कवळी बसवून. पुढे नवऱ्याला दातदुखीचा खर्च नको, बाळंतपणात ठणका नको. चादरी, भांडी, आणि कवळी. माझीही पाठवणी तशीच झाली. मोठ्या गायनसभेत शेवटची कडवी चढली की मागच्या रांगेतल्या पुरुषांच्या कवळ्या टकटक वाजायच्या, आणि कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही. सगळ्यांचं हसू एकसारखं, पांढरं, दुकानातलं.

आयर्लिसने हो म्हटलं होतं. वाकडा सुळा जाणार याचा तिला आनंदच होता. गावात दात काढणारा म्हातारा त्याच वर्षी वारला, म्हणून बाप-लेक बस पकडून समुद्रकाठच्या गावी गेले. तिथला दातांचा डॉक्टर अन्विल तरुण होता. त्याने आयर्लिसला खुर्चीत बसवलं, आरसा आत घातला, दात एकेक करून ठोकून पाहिले आणि म्हणाला की मी हे काढणार नाही.

ग्विलिमला वाटलं, पैशांचं काही असेल. डॉक्टर म्हणाला, पैशांचं नाही. तोंडात कीड नाही, हिरड्या निरोगी आहेत. एक दात वाकडा म्हणून बाकीच्यांना शिक्षा कशाला? मग त्याने विचारलं, लहानपणी दुधाचा सुळा लवकर काढला होता का? आयर्लिसला आठवत नव्हतं. ग्विलिमला आठवत होतं. आई गेल्यानंतरच्या थंडीत पोरीचा तो दात किडून ठणकत होता, ती रात्रंदिवस रडत होती, तेव्हा त्याने दोरा बांधून दाराला अडकवला आणि दार ओढलं होतं.

डॉक्टरने साधेपणाने समजावलं. दुधाचा दात खालून येणाऱ्या दाताची जागा धरून ठेवतो. तो वेळेआधी गेला की शेजारचे दात कलतात, फट बुजते, आणि खरा सुळा येतो तेव्हा त्याला उभं राहायला जागाच नसते. मग तो मिळेल तिथून डोकं काढतो. जबडा मुळात लहान असला की अजूनच अडचण. यावर उपाय आहे, तो म्हणाला. मागची एक छोटी दाढ काढायची म्हणजे जागा होईल. टाळूला चिकटून बसेल अशी प्लेट करायची, तिला बारीक तारेची स्प्रिंग. ती स्प्रिंग दाताला रोज जरा जरा ढकलते. हाड सरकून वाट देतं. दीडेक वर्ष लागेल, आणि प्लेट सतत घालावी लागेल.

परतीच्या बसमध्ये ग्विलिम खिडकीबाहेर बघत बसला. आयर्लिसने घरी येऊन चहा टाकला आणि म्हणाली, "बाबा, मला माझेच दात हवेत."

तो म्हणाला, "बरं." आणि उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेला.

मी चॅपेलच्या पायऱ्या झाडत असताना तिने हे सगळं मला सांगितलं. बाप रागावलाय असं तिला वाटत होतं, मलाही तसंच वाटलं. ज्या भेटीचे पैसे साठवायला माणसाने तंबाखू सोडली ती भेट पोरीने नाकारली, मग रागावेल नाही तर काय करेल?

एमलिन वाईट नव्हता. त्याने लग्न पुढे ढकलायला मान हलवली. पण त्याच्या आईने माझ्यासमोरच तोंड वाकडं केलं होतं. म्हणाली, "सुनेच्या तोंडात तार घालून फोटो काढायचा का आम्ही? त्यापेक्षा तिला घोड्याच्या बाजारात न्या." एमलिन दर शनिवारी यायचा, मग एक शनिवार आड यायला लागला. पुढे त्याला दूर शहरात नोकरी लागली, आणि पत्रांत नुसतं हवापाणी उरलं. एके दिवशी आयर्लिसने अंगठी कागदात गुंडाळून पाठवून दिली. कोणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान घरात आवाज तरी झाला असता.

गावाने तिला नाव ठेवलं, तारेची आयर्लिस. आपल्याकडे पाववाला, गाढववाला, चाव्यांची, तशी ती तारेची. प्लेटमुळे तिचा ‘स’ अडखळायचा. दुकानात येणाऱ्या बायका मुद्दाम ‘स’ असलेल्या वस्तूंची नावं तिच्याकडून वदवून घ्यायच्या आणि मग खोकल्याच्या नावाखाली हसायच्या. डॉक्टरने तार आवळली की दोन-तीन दिवस तिला पाव चावता यायचा नाही, दुधात भिजवून खायची.

आणि चॅपेलात ती गप्प झाली. त्या वर्षीच्या गायनसभेत एकटीने म्हणायचं कडवं तिच्याकडे होतं. तिने ते दुसरीला दिलं. त्या रविवारी पाहुणे प्रवचनकार आले होते. डोंगरात चुकलेल्या मेंढीमागे फिरणाऱ्या मेंढपाळाचं बोलत होते. अंधार पडतोय, धुकं उतरतंय, आणि तो हाक मारतोय. ती हाक मारताना त्यांच्या शब्दांना सूर लागला, सगळं चॅपेल उठून उभं राहिलं. मी पुढच्या बाकाकडे कान लावून होते. तिथे एक माणूस उभं राहावं एवढी शांतता होती. तिचे खांदे नुसते वरखाली होत होते. मी पुढे वाकून तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने मागे वळून पाहिलं नाही.

घरी म्हणशील तर टेबलाच्या एका टोकाला ग्विलिम, दुसऱ्या टोकाला ती. तो कवळीमुळे मांस बारीक चिरून गिळायचा, ती दुधातला पाव. कोणीच काही नीट चावू शकत नव्हतं, आणि कोणीच काही बोलत नव्हतं. मी सूप घेऊन जायचे तेव्हा तिथे घड्याळाशी बोलल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात ग्विलिमच्या छातीतल्या धुळीने उचल खाल्ली. त्याचा पलंग खाली, चुलीजवळ आणला. एका दुपारी मी तिथेच बसून त्याचे मोजे रफू करत होते. आयर्लिस तारेचं काम संपवून बसने परत आली होती. डॉक्टरने सांगितलं होतं, आता दिवसा प्लेट काढली तरी चालेल. रात्री मात्र घालायचीच, कारण दात जुन्या जागी जायला बघतो.

ग्विलिम तिला म्हणाला, "इकडे ये. तोंड उघड."

ती पलंगाशी गुडघ्यांवर बसली. त्याने तिची हनुवटी धरून तिला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. खाणीत पाटीचा दगड फोडण्याआधी त्याची रेघ बघतात ना, तसा बघत राहिला. मग अंगठा त्या सुळ्यावरून फिरवला.

"बसला गं जागेवर," म्हणाला.

"तुम्ही रागावला होता ना, बाबा?"

त्याला बराच वेळ खोकला आला. मग म्हणाला, "तुझ्यावर कशाला रागावू? दोरा मी ओढला होता. मला वाटलं, माझ्या हातून बिघडलंय तर माझ्याच हातून एकदाचं सगळं नीट करून टाकावं. डॉक्टरकडे गेलो तेव्हा त्याने तुझे दात ठोकून पाहिले, चांगले आहेत म्हणाला. माझे लग्नाआधी काढले तेव्हा कोणी ठोकूनही पाहिलं नव्हतं." तिची हनुवटी सोडून म्हणाला, "माझे चांगले होते गं. मी सफरचंद अख्खं खायचो."

आयर्लिसने त्याच्या हातावर गाल टेकवला. मी मोजा उलटा करून पुन्हा तोच टाका घालत बसले.

त्या दिवसानंतर ती त्याला रोज वाचून दाखवायची, आणि रविवारी मी प्रवचनाहून येऊन ऐकलेलं सांगितलं की ती ते सगळं त्याच्यासाठी सुरात म्हणायची. तिचा ‘स’ आता अडखळत नव्हता. त्याच्या शेवटच्या आठवड्यात शेजारचे लोक भिंतीला कान लावून ऐकायचे, ज्यांनी तिला नाव ठेवलं होतं तेसुद्धा. एमलिनचं तेव्हा शहरात लग्न झालेलं होतं. ग्विलिम मार्चमध्ये गेला.

आता ती त्या घरात एकटी आहे. तिचं हसू गावात सगळ्यांत सुंदर आहे, आणि ते बघायला सकाळी फक्त पोस्टमन येतो. पूर्वी आम्हा सगळ्यांसारखी कवळी बसवली असती तर आज तिच्या घरात नातवंडं असती कदाचित. मी देवाला विचारलं आहे, तिचं चुकलं का म्हणून. पण आता ती चॅपेलात पुन्हा गाते, आणि रविवारी तिचा आवाज वर गेला की मला वाटतं, नाही चुकलं.

तू तरुण आहेस, तुला प्रार्थनेत मागायला पुष्कळ असेल. तरी शेवटी एक क्षण थांबून आयर्लिसची आठवण काढ. इथे प्रत्येकाची आठवण प्रार्थनेत कोणी ना कोणी काढतं. तिची काढणारा एकच होता, तिचा बाप, आणि मीही आता फार दिवसांची नाही.