मऊ पाय

"दाब... धर... आता सोड, लेका."

भैरू मिस्त्रींचा हा आवाज कुंदनच्या कानातून कधी गेला नाही. साताऱ्याकडून आलेला तो म्हातारा पावणे गावातल्या शेडमध्ये गाडीखाली उताणा पडून ओरडायचा, आणि मिसरूडही न फुटलेला कुंदन वर सीटवर बसून ब्रेकचं पॅडल दाबायचा, दाबून धरायचा, सोडायचा. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पॅडल मऊ होतं, पाय स्पंजात रुतावा तसा रुततो. ती हवा काढायला माणसं दोन लागतात. एक खाली चाकापाशी हवा सोडायचं निपल ढिलं करणारा, एक वर पॅडल दाबणारा. दोघांचा श्वास एक झाला तरच काम होतं.

मिस्त्री गेले, शेड कुंदनची झाली. लग्नाची हळद पुरती उतरलीही नव्हती तेव्हा त्यानं सुचिताला त्या सीटवर बसवलं. गावातल्या बायका पदराआड हसल्या. पण तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या पायावर कुंदनचा भरवसा बसेना. दिवसभराचं भांडण असो, अबोला असो, गाडीखालून त्यानं 'दाब' म्हणावं आणि वरून तिचा पाय उतरावा. त्यांच्या संसारातलं सगळ्यात गोड बोलणं तेवढंच होतं म्हटलं तरी चालेल.

म्हणून त्या दुपारी पार्ट आणायला महाप्याला गेलेला कुंदन रस्त्यातच थबकला. तिथल्या राजवर्धन नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजसमोर कुंदनच्या घरची जुनी पांढरी सात सीटर गाडी उभी होती. स्टिअरिंगमागे सुचिता. पुढच्या चाकापाशी पुरुषाचे दोन पाय बाहेर आलेले. आणि गाडीखालून आवाज,

"दाबा वहिनी... धरा... आता सोडा."

ते शब्द कुंदनच्या शेडमधले होते.

ती इथं का आली ते त्याला माहीत होतं, आणि नव्हतंही. गेल्या पावसाळ्यात त्यानंच या गाडीच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदलला होता. मधे एक घाईचं गिऱ्हाईक आलं, टाकीतलं ब्रेक ऑइल तळाला गेलं, ते त्यानं नंतर भरलं, हवा काढली, झालं. पुढं सुचिता म्हणाली, पॅडल मधेच मऊ लागतं. त्यानं पुन्हा हवा काढली; थोडे बुडबुडे आले, पॅडल टणक झालं. ती परत म्हणाली. त्यानं परत काढली. नंतर मात्र त्यानं स्वतः गाडी घेतली, एमआयडीसीच्या गुळगुळीत रस्त्यावर फिरवली आणि चार लोकांत हसत म्हणाला, "ब्रेक टकाटक हाय. बायकोचा पायच मऊ हाय, तो कुठं बदलून मिलतो सांगा."

त्यानंतर सुचिता त्या विषयावर बोलली नव्हती.

गाडी मात्र तीच चालवायची. कुंदनची आई गोजरा धवलारीण, लग्नाची गाणी म्हणणारी. गावोगावच्या हळदीला तिला न्यायचं-आणायचं काम सुनेचं. आजही संध्याकाळी खांदेश्वरला हळद होती. सकाळी आई ओट्यावर गुणगुणत होती,

हलद पिवली गं, नवरीचे गालाला,
कुनाची नजर गं, लागली नवऱ्याला...

आता ते आठवून कुंदनचे कान तापले.

"काय वहिनी," तो गाडीच्या दारापाशी जाऊन त्या आवाजाच्याच सुरात म्हणाला, "घरचं गॅरेज कमी पडलं का?"

सुचिता दचकली नाही. तेच त्याला जास्त लागलं. "कमी नाय," ती म्हणाली. "भरलेलं असतं."

राजवर्धन गाडीखालून सरकत बाहेर आला. तरणा, उंच, हातातल्या फडक्याला हात पुसत हसणारा. "या दादा! बरं झालं आलासा. वहिनींनी लई अवघड कोडं घातलंया."

"वहिनी कुनाची? तुजी माजी वलख हाय?"

"तुम्हाला कोण वळखत न्हाई? भैरूआबा आमच्याच गावचं. 'दाब, धर, सोड' सांगायचं ते मी त्यांच्याकडनंच ऐकलं, सुट्टीला आलं की पोरांस्नी शिकवायचं."

म्हणजे तेही गेलं. बायको त्याच्या हाकेला पॅडलवर बसली होतीच, वर मिस्त्रीही वाटले गेले. कुंदननं ओठ चावला.

"मग निघाली का हवा?"

"निघतीया आणि राहतीया. तुम्ही काढल्यावर बी तसंच झालं म्हणत्यात वहिनी. एक करा. तुम्ही एकदा वहिनींसंगट बसून जावा. कुठं मऊ पडतं ते त्यांस्नी ठावं हाय."

कुंदन सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी गेला. सुचिता उठली नाही. तो उभा राहिला, तीही समोर बघत राहिली. शेवटी तो वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसला. इतक्या वर्षांत त्या सीटवर तो कधी बसलाच नव्हता. पट्टा कुठं अडकवायचा तेही त्याला चाचपावं लागलं.

"तोबी इथंच बसला व्हता?"

"मंग काय टपावर बसल?"

डोंगराकडच्या वळणावर डंपरांमधून सांडलेली बारीक खडी पसरली होती. सुचितानं तिथं ब्रेक मारला. चाकं घसरू लागली तशी एबीएसनं, त्या घसरण आवरणाऱ्या यंत्रानं, पकड घेतली. पायाखाली गुरगुर झाली, पॅडल थरथरलं, गाडी सरळ थांबली. ती पुढं गेली. पुढच्या वळणावर समोरून टेम्पो आला, आणि तिनं ब्रेकवर पाय ठेवला.

कुंदननं तिचा गुडघा पाहिला. नेहमीपेक्षा खाली गेला, आणखी खाली. आणि तिनं खाली न बघता, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, पाय उचलून पटकन दोनदा दाबला. पॅडल वर आलं. गाडी थांबली. टेम्पो निघून गेला.

 ते दोनदा दाबणं आज शिकलेलं नव्हतं. भाकरी थापणाऱ्या हातासारखा तो पाय सरावला होता. घराशी येईपर्यंत ती अशीच पॅडल वर आणत असणार, आणि त्याच्या पायाला ते टणक लागत असणार.

"कंदीपासून?" त्यानं विचारलं.

"गाडी चालवताना बोलू नका."

परत आल्यावर त्यानंच राजवर्धनला सांगितलं, खडीवर एबीएस चालतं आणि मगच मऊ पडतं. राजवर्धननं लगेच चुटकी वाजवली. "म्हंजे हवा नळीत न्हाई, एबीएसच्या ठोकळ्यात अडकलीया! नुसतं पॅडल मारून तिथली निघत न्हाई. एबीएस चाललं की आतले वॉल्व्ह उघडत्यात, मग थोडी बाहेर येती."

"टाकी रिकामी झाली व्हती तवा गेली आत," कुंदन पुटपुटला.

राजवर्धननं गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन जोडलं, एबीएसचा पंप चालवला. खाली कुंदन झोपला, वर सीटवर सुचिता. नळीचं टोक बाटलीत होतं. "आवाज तुम्हीच द्या दादा," राजवर्धन म्हणाला. कुंदननं दिला. दाब. धर. सोड. बाटलीत पांढरा फेस उसळला, उसळत राहिला, मग तेल नितळ झालं. तरीही कुंदनच्या डोळ्यांसमोरून ते दोघं हलेनात. मशीनवर वाकलेला तो उंच पोर, आणि त्याच्याकडे बघून हसलेली सुचिता. गेल्या कित्येक दिवसांत घरात ती तशी हसली नव्हती.

खडीवर पुन्हा एक फेरी झाली. पॅडल दगडासारखं राहिलं.

पावण्याकडे परतताना कुंदन पुन्हा त्याच सीटवर होता. पूल गेला, कारखान्यांची रांग गेली, तेव्हा तो म्हणाला, "मशीन मीबी आनलं असतं. त्याच्याकडं दुसरं काय व्हतं, जे माज्याकडं नाय? सांग एकदा."

सुचितानं गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला.

"मागं एका हळदीला, खांदेश्वरला, स्टेशनाजवल, आई बाजूला बसलेल्या. पॅडल तलाला गेलं. पुढं रिक्षा, रिक्षात बाय, तिच्या मांडीवर पोर. दोनदा दाबलं तवा थांबली. आईंना कललंबी नाय, त्या गात व्हत्या. घरी येऊन मोरीत बसून रडली मी."

"मला का नाय बोललीस?"

"बोलली असती तर तुमी पयली चावी काढून घेतली असती. ब्रेक नंतर बघितला असता. आनि गावभर सांगितलं असतं, बघा, मी बोललो व्हतो, पाय मऊ हाय." तिचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "त्यानं काय केलं ठावं हाय? मी बोलली पॅडल मऊ हाय. तो बाजूच्या सीटवर बसला न् बोलला, चालवा वहिनी, मी बघतो. तुमी कंदी बाजूला बसून बोललात मला, चालव?"