कमलकाकूंचं आभाळ

आश्विनातल्या रविवारी सकाळी अंबाझरी तलावाच्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात सातविणीच्या फुलांचा जड, किंचित भोवळ आणणारा गंध असायचा, आणि त्या गंधातून आधी बांगड्यांची किणकिण, मग घसा खाकरल्याचा आवाज खाली यायचा. आमच्या इमारतीच्या गच्चीवर कमलकाकू उभ्या असत. शरदाचं निरभ्र, धुऊन वाळत घातलेलं आकाश त्यांच्या डोक्यावर पसरलेलं असे आणि त्या त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. त्या पाहत हातातल्या मोबाइलकडे. मग इमारतीच्या ग्रुपवर त्यांचा खणखणीत स्वर उमटे, "ऐका गा सारे. या हप्त्यात तलावाकडे आभाळ कसं राहीन, ते सांगून राहिली."

हे ज्ञान येई कुहीहून. कुही त्यांचं माहेर. तिथे धानाच्या बांधीवर उभा राहून भाऊ फोनवर जे सांगे, तेच दोन दिवसांनी आमच्या तलावावर अवतरणार अशी काकूंची अढळ श्रद्धा होती. कुहीचा ढग म्हणजे त्यांच्या लेखी नागपूरची एसटीच. एकदा सुटली की इथे येऊनच थांबायची. ढग मात्र वाटेतच कुठेतरी उतरून जात. कुहीत कोसळून मोकळं झालेलं आभाळ आमच्याकडे लख्ख येई, आणि तिकडे ऊन पडलं की इकडे भरून येई. भाकीत चुकणं कोणालाही जमतं, पण इतक्या निष्ठेनं, इतक्या सातत्यानं चुकायला काकूच हव्यात. अखेर इमारतीनं त्यातून आपली सोय काढली. काकूंनी पाऊस सांगितला की पहिल्या मजल्यावरच्या वहिनी गाद्या उन्हात टाकत. काकूंनी ऊन सांगितलं की दोरीवरचे कपडे भराभर आत येत. हे त्यांना कोणी बोलून दाखवलं नाही. त्यात प्रेम किती आणि सोय किती, हे मला आजही सांगता यायचं नाही.

ठेंगणी मूर्ती, कपाळावर ठसठशीत टिकली, आणि बोलताना उजवा हात असा फिरवायच्या की पोळपाटावरचं पीठ झटकताहेत असं वाटावं. त्या हाताच्या झटक्यानं ढग हटतील असा विश्वास बसे, निदान बोलणं संपेपर्यंत तरी.

यंदा त्यांच्या मुलानं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेसाला घर घेतलं. कोजागिरी झाली की काकूंनी तिकडे जायचं ठरलं. काका होते तेव्हा दर कोजागिरीला दोघं गच्चीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात बसत, चंद्र वर चढून तलावात उतरेपर्यंत वाट पाहत आणि मगच दुधाचा पेला तोंडाला लावत. काका गेल्यावरही काकू त्याच कोपऱ्यात बसत, शेजारी एक भरलेला पेला ठेवून. "बेसाला काय चंद्र दिसत नाही का?" असं मुलानं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "दिसते ना. पण पाण्यात नाही दिसत."

आणि त्या शेवटच्या रविवारी काकूंनी जाहीर केलं, "कोजागिरीले आभाळ एकदम साफ राहीन."

इमारतीचं धाबं दणाणलं. काकूंना निरोप द्यायचा, भुलाबाईची गाणी, केशरी दुधाचं पातेलं, सगळं गच्चीवर ठरलेलं. कोणी मांडववाल्याला फोन लावला, कोणी पार्किंगमधल्या गाड्या हलवायचं बोलू लागलं. शेवटी शिष्टाई माझ्या गळ्यात पडली. मी वर गेले, इकडचं तिकडचं बोलले आणि हळूच म्हटलं, "काकू, यंदा जरा पावसाचं सांगता का?"

त्या खुदकन हसल्या. "मले का माहीत नाही वं? मी पाऊस म्हटलं का तुमच्या गाद्या गच्चीवर येतेत. डोळे फुटले का माहे?"

मी शरमेनं लाल झाले. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि तरी दर रविवारी त्या तितक्याच ऐटीत घसा खाकरत होत्या. "पण आभाळाच्या नावानं खोटं नाही बोलत मी," असं बजावून त्यांनी मला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी आभाळ काळंभोर झालं. तलावाचं पाणी शिशासारखं निश्चल पडलं होतं. काकूंनी मला गच्चीवर बोलावलं. त्या दिवशी त्यांनी भावाला फोन केला नव्हता. कठड्याला धरून त्या कितीतरी वेळ पाण्याकडे, पलीकडच्या झाडांकडे, वरच्या ढगांकडे पाहत राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना प्रथमच आभाळ पाहताना पाहत होते.

"उद्या साफ राहीन," त्या हळूच म्हणाल्या. "हे भावाचं नाही, माह्या डोळ्यांचं हाय."

आणि लगेच मोबाइल तोंडाशी धरून खणखणीत आवाजात बोलल्या, "ऐका गा सारे. उद्या पाऊस हाय. छत्र्या ठेवा."

मी थक्क. "अहो काकू, एकदाचं खरं निघणार होतं तुमचं!"

"निघालं असतं," त्या म्हणाल्या. "पण नाही निघालं तं? चंद्र पाह्यचा हाय मले. त्याच्यापुढं माहं खरं-खोटं कुठं घेऊन बसू? तू कोणाले सांगू नको."

दुसऱ्या रात्री चंद्र असा वर चढला की तलावाच्या पाण्यात मावेना. "काकूंचं चुकलं!" म्हणून पोरींनी फेर धरून टाळ्या पिटल्या, आणि काकू पदरात तोंड लपवून हसत राहिल्या. पश्चिमेच्या कोपऱ्यात दोन पेले होते. पाण्यातला चंद्र स्थिरावला तेव्हा त्यांनी शेजारचा पेला क्षणभर हातात धरला, पुन्हा खाली ठेवला आणि डोळे पुसले.

आता त्या बेसाला असतात. रविवारी त्यांचा आवाज अजून येतो. बेसाच्या हवेचा त्यात उल्लेखही नसतो, हप्ता असतो तलावाकडचाच. कालच म्हणाल्या, "तलावाकडे पाऊस हाय, भिजू नका." वहिनींनी गाद्या गच्चीवर टाकल्या. मी मात्र हल्ली छत्री घेऊन फिरायला निघते. झगझगीत उन्हात काठावरचे लोक हसतात, हसू देत. माणसं दूर जाताना आपलं आभाळ मागे ठेवून जातात, आणि कितीही लख्ख ऊन पडलं तरी आपण त्यांनी सांगितलेल्या पावसातच चालत राहतो.