ओळंब्याचा पडीक तुकडा

सरकारनं काहीही न पिकवण्यासाठी अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा या कामाला ओळंब्याइतका नालायक माणूस साऱ्या पंचक्रोशीत नव्हता. त्याच्या पेरणीच्या ओळी इतक्या सरळ, की गवंडी आपली दोरी तपासायला त्याच्या शेतावर येत. नाव त्यातूनच पडलेलं.

अर्ज बायकोनं भरला. तीन वर्षं तुकडा पडीक ठेवायचा, दरवर्षी तपासणी झाली की अनुदान. त्यातून स्वयंपाकघरावर छप्पर. सध्या ती एका हातानं भाजी ढवळायची आणि दुसऱ्या हातानं पातेल्यावर छत्री धरायची.

ओळंबा मन लावून कामाला लागला. साडेआठला डबा घेऊन शेतावर हजर. दिवसभर काही करायचं नाही. संध्याकाळी दमून घरी.

"आज काय केलंत?"

"काही नाही."

"शाब्बास," म्हणून ती छत्रीचा हात बदलायची.

डब्याबरोबर कलिंगडाची फोड असायची. एकाच जागी बसून गवत दबू नये म्हणून तो रोज दोन हात पुढे सरकून बसायचा. फोड खायची, बी तोंडातून हातावर घ्यायची. पुढचं त्याला ठाऊकच नव्हतं. चाळीस वर्षांचा सराव असलेला अंगठा आपणहून मातीत जायचा, बी ठेवायचा आणि वरून माती सारखी करायचा.

वेल दिसले तेव्हा त्याचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. उपटावेत, तर उपटणं म्हणजे मशागत, आणि मशागतीला सक्त मनाई. शेवटी तो रोज वेलांसमोर बसून काळजी करू लागला. काळजी वेलांना मानवली आणि कलिंगडं धरली.

तपासणीला आलेल्या मॅडमनी टेप काढली. एका वेलापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा.

"काका, सगळे बरोबर दोन-दोन हातांवर?"

"हो ना. सदोतिसावा जरा हललाय. त्या दिवशी शिंक आली होती."

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, गप्प बसायलाही अनुदान मागू का तुमच्यासाठी?" मग मॅडमकडे वळून म्हणाली, "गेलं ना छप्पर?"

मॅडमनी ओळीकडे पाहिलं, मग ओळंब्याच्या अंगठ्याकडे. तपासणीच्या अर्जात 'वाढीचं कारण' असा रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं: सवय.

"सवयीला मनाई नाही. वेल तण म्हणून उपटा, ते चालतं. पाचला फोटो घेते, त्यात शेत रिकामं हवं. पण फळ बांधाबाहेर गेलं, तर ते पीक धरतात."

"आणि पोटात गेलं तर?" बायकोनं विचारलं.

मॅडमनी नियमांचा कागद उलटसुलट पाहिला. "पोटाबद्दल काही म्हटलेलं नाही."

पुढच्या दहा मिनिटांत अख्खी गल्ली बांधावर होती. पोस्टमन पत्र द्यायला आला आणि तीन कलिंगडं संपवून पत्र तसंच घेऊन गेला. उपटलेले वेल आणि सालं गुरांनी संपवली. बायको बादली घेऊन फिरत होती. "बिया इकडे! एकही खाली पडता कामा नये! आणि ह्यांच्या हाती तर मुळीच देऊ नका!" ओळंब्याला तिनं थंडीतले लोकरी हातमोजे घातले होते. तो दोन्ही पंजांत फोड धरून अस्वलासारखा खात होता. इतका आनंद त्याला पीक विकूनही कधी झाला नव्हता.

पाचला फोटो निघाला. रिकामं शेत, आणि कडेला हलता न येणारी चाळीस माणसं.

महिन्याभरात छप्पर आलं. तरी बायकोनं पहिल्या दिवशी सवयीनं छत्री उघडलीच.

पुढच्या वर्षी मॅडम पुन्हा टेप घेऊन आल्या. ओळंबा त्यांना बांधाच्या कोपऱ्यात घेऊन गेला. मागच्या खेपेला मॅडम तिथेच बसून कलिंगड खात होत्या. आता तिथे एक वेल पसरला होता, फळासकट.

"हा आमचा नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "तिरका आहे."

मॅडमनी आपला अंगठा मुठीत लपवला.

"माझे वडील शेतकरीच होते," त्या म्हणाल्या.

"असू दे," बायको सुरी घेऊन येत म्हणाली, "पण हा संपवायचा तुम्ही एकटीनं."