बेण्याचं औषध

तानाबाईच्या दहाही नखांच्या मुळाशी एक करडी रेघ होती. साबणाने ती फिकी होई, पण जात नसे. सात वर्षं दर लावणीला ती उसाचं बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, कीड मारणाऱ्या औषधाच्या पाण्यात बुडवत आली होती, उघड्या हातांनी. डब्यावर कवटीचं चित्र होतं. हातमोजे मात्र गावात कुणी पाहिलेही नव्हते.

याच सात वर्षांत तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्याच महिन्यात गर्भ पडला. आता रविवारी कुरुंदवाडचे पावणे येणार होते, तिच्या नवऱ्याला, सयाजीला, दुसरी बायको म्हणून आपली मुलगी द्यायला. सयाजी महिनाभर हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता.

कागलच्या दवाखान्यातल्या नर्स खैरुनबी घरी आल्या. त्यांनी तानाबाईचा हात उजेडात धरला.

"ह्ये काय गं?"

"बेण्याचं औषध, बाई."

"हात काय बघतायसा? नशीब बघा की तिचं!" सासू धोंडुबाई कडाडली. "आम्ही बी बेणं लावलं. मला पाच पोरं झाली!"

"तवा औषध कुठं हुतं, मावशी? नुसतं बेणं हुतं."

खैरुनबींनी गोठ्याकडे बोट केलं.

"बरं, गेल्या साली तुमची म्हैस गाभ धरत न्हवती. काय केलंसा?"

"फवारलेल्या उसाचं वाडं, शेंड्याचा पाला, घालायचं बंद केलं. डाक्टरच म्हणालं."

"म्हशीचा चारा बदललासा, आणि हितं सूनच बदलताय व्हय?"

दाराशी उभ्या सयाजीची मान खाली गेली.

खैरुनबी शांतपणे म्हणाल्या, "पाळी येणं, गर्भ टिकणं, हे शरीरातली संप्रेरकं चालवतात. रक्तातून हुकूम नेणारी द्रव्यंच ती. काही विषारी औषधं त्या हुकमात ढवळाढवळ करतात. हिचं कारण तेच, असं मी छातीठोक सांगणार न्हाय. तपासणी पायजे, दोघांचीबी. पण उघडा हात त्या औषधात घालायचा न्हाय, हे आजच सांगते!"

"माझी बी तपासणी?" सयाजीने विचारलं.

"व्हय! मूल काय एकटीचं असतं?"

धोंडुबाई उठली. सुनेचा हात तिने स्वतःच्या हातात घेतला आणि त्या नखांवरून अंगठा फिरवत राहिली. "पोरी, मीच तुला त्या डब्याकडं धाडत हुते की गं!"

वाचकहो, शेतातल्या विषाची झळ बाईच्या कुशीने सोसायची आणि वांझपणाचा शिक्काही तिनेच घ्यायचा, हा कुठला न्याय! दोष देण्याआधी कारण शोधायला हवं, आणि ते दोघांनी मिळून.

सयाजीने मान वर केली.

"आई, पावण्यांना येऊ नका म्हणून सांग. मी दुसरं लगीन करणार न्हाय!"