अकरा दारं, एक किल्ली

किल्ली फिरली, कुलूप उघडलं, पण दार चार बोटांच्या वर सरकेना. आतून कपाट लावलेलं होतं.

"बघा!" सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "चर्चनं घर दिलं, गाद्या दिल्या, भांडी दिली. आणि दूध ठेवायला आलं तर दारात कपाट. बोट दिलं की हात धरतात ही माणसं! चावीकाका, आजच्या आज हटवा ते. नाहीतर कमिटीचं ठरलंय, घर दुसऱ्या कुटुंबाला."

चावीकाकांनी गुडघे मोडून बसकण मारली. चौकातलं कुलपांचं दुकान विकल्यापासून, चर्चने निर्वासित कुटुंबांसाठी घेतलेल्या या अकरा घरांची कुलपं ते फुकट सांभाळत. त्यांनी फटीशी तोंड नेलं.

"ताई, जरा सरकवता का? कुलूपवाला आहे मी."

"तू लावलं हे कुलूप?" आतून आवाज आला. भाषा नव्याने शिकलेली, मोडकी; राग मात्र अस्खलित होता.

"मीच."

कपाट करकरत मागे गेलं. चाळिशीची बाई बाहेर आली. कोपरापर्यंत साबणाचा फेस. तिने आपली किल्ली समोरच्या सात नंबरच्या दाराला लावली आणि फिरवली. दार उघडलं. आत जेवायला बसलेला म्हातारा तोंडात घास तसाच ठेवून बघत राहिला.

तिने दार ओढून घेतलं. "आता बोल."

चावीकाकांची कानशिलं शरमेनं तापली. स्वयंसेवकांना अकरा किल्ल्यांचा जुडगा वागवायला नको, म्हणून त्यांनीच सगळी कुलपं एका किल्लीवर जुळवली होती. कुलपात पाच पिना असतात. किल्लीचे दाते त्यांना एका रेषेत आणतात, तेव्हाच कुलूप फिरतं. अकरा कुलपांत त्यांनी त्याच पाच मापांच्या पिना भरल्या होत्या. चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. घरांत राहणाऱ्यांच्या हातातही तीच किल्ली जाणार, हे टाळ्यांच्या आवाजात कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"मंगळवारी वरचा माणूस आला," बाई म्हणाली. "मजला चुकला. माफी मागितली, चांगला माणूस. पण दार उघडलं. माझी मुलगी कपडे बदलत होती."

"मग आम्हाला सांगायचं ना!" सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"सांगितलं. तुम्ही कागदावर लिहिलं, संशयी स्वभाव."

सेक्रेटरीबाई हातातल्या दुधाच्या पिशवीकडे बघू लागल्या.

चावीकाकांनी पेटीतून नव्या कुलपाचं पाकीट काढलं, शिक्का न फोडलेलं. "ताई, तुम्हीच फाडा. मी हात लावत नाही."

तिने दातांनी पाकीट फाडलं. किल्ल्या तीन निघाल्या. त्या तिने मुठीत धरल्या आणि काका जुनं कुलूप उतरवून नवं बसवेपर्यंत त्यांच्या डोक्यावर उभी राहिली.

"एक चर्चमधल्या किल्ल्यांच्या फळ्यावर लागते," सेक्रेटरीबाईंनी हात पुढे केला. "नियम आहे. उद्या आत आग लागली, पाणी तुंबलं, तर?"

"तर दार वाजवा," काका स्क्रू आवळत म्हणाले. "सगळ्या जगाची रीत आहे ती."

"तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"बाई, चूक माझी आहे. माझ्या चुकीला तरी नियम म्हणू नका."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला? दहा दारं उरलीत, ती आजच करतो."

सेक्रेटरीबाई दुधाची पिशवी उंबऱ्यावर आपटून जिना उतरल्या.

काकांनी जुनी किल्ली नव्या कुलपात घालून दाखवली. अर्धीच गेली, फिरली नाही. बाईने ती स्वतःच्या हाताने पुन्हा घालून पाहिली आणि त्यांना परत दिली. मग पिशवी उचलली, आत गेली. कुलूप दोनदा फिरलं.

आणि त्यानंतर कपाट सरकल्याचा आवाज आला. सावकाश, पार दारापर्यंत.

हिच्या दारावर आणखी काय लावायचं, ते काकांच्या पेटीत नव्हतं. त्यांनी पेटी उचलली आणि सात नंबरपुढे आले. ते दार उघडणारी तीच जुनी किल्ली त्यांच्या हातातच होती. ती त्यांनी खिशात टाकली, दोन बोटांनी दार वाजवलं आणि म्हाताऱ्याचं जेवण होईपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.