तीन कुलपांची टगबोट

दचकू नका, मीच बोलतेय. धक्क्याला गंजत पडलेली ही बुटकी टगबोट. मोठमोठी जहाजं बंदरात ओढून आणणं हे माझं काम. निदान जन्मले तेव्हा मला तसं सांगितलं होतं!

आमच्या एड्रियाटिक किनाऱ्यावर व्रबिन, सोलिना आणि काम्नो अशी तीन शेजारी बंदरं. एकमेकांची जहाजं पळवण्यात तिघांची हयात गेली. मग वरून फर्मान आलं, सहकार्य करा, तरच अनुदान. झालं! तिघांनी मिळून मला विकत घेतलं. पण विश्वास काय अनुदानात मिळतो? कुणी एकट्याने मला गुपचूप वापरू नये म्हणून माझ्या इंजिनखोलीला तीन कुलपं ठोकली आणि एकेक किल्ली एकेका बंदराच्या संचालकाच्या खिशात गेली. तीन तिघाडा, काम बिघाडा!

मग बैठका सुरू झाल्या. आमच्याकडे बैठक म्हणजे मरेंदा, सकाळची भरपेट न्याहारी. माशाचा रस्सा, मक्याच्या पिठाचा घट्ट पोलेंटा, वर वाइन. पातेलं रिकामं झालं की सहकार्यही संपायचं. बाहेर जहाजं ताटकळायची आणि माझा तांडेल बेपो कठड्यावर बसून शिव्या हासडायचा.

"बये," तो मला म्हणायचा, "आपण दोघं फुकटचं खातोय बघ."

त्या हिवाळ्यात मरेंदा समुद्रातच करायची ठरली. कुणाच्याच बंदरात नको, म्हणजे मानापमान नको. एका लाँचवर तिघं संचालक चढले. रांधायला बेपोची बायको तोंका. थोड्याच वेळात डोंगरावरून वारा सुटला, लाँचचं इंजिन बंद पडलं आणि ती खडकांकडे वाहू लागली.

वायरलेसवर व्रबिनचे संचालक लोव्रे ओरडले, "बेपो, टग काढ! लवकर!"

"किल्ल्या कुठायत साहेब?"

 तिघं एकदमच म्हणाले, "माझ्या खिशात."

मागून तोंका कडाडली, "अरे मेल्या, कुऱ्हाड नाही का तिथे? का मी बुडाल्यावर शोधणारेस?"

बेपोने कुऱ्हाड उचलली. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? त्याने घावावर घाव घातले, कुलपं तुटली आणि मी सुटले. आयुष्यात पहिल्यांदा पोटभर काम केलं! खडक अगदी हाताशी आला असताना लाँचला दोर पडला. तोंका माझ्या डेकवर चढली नि बेपोच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. संचालकांनी रस्स्याचं पातेलं मात्र नीट सांभाळून आणलं होतं.

पुढच्या बैठकीत या प्रकाराची गंभीर दखल घेतली गेली. प्रथमच तिघांचं एकमत झालं, की कुलपं फारच तकलादू होती. आता जाड पोलादी बसवलीत. सामाईक मालमत्ता फोडली म्हणून बेपोला घरी बसवलं.

जाताना त्याने कुऱ्हाडीला धार लावली आणि ती माझ्या दोरखंडाखाली लपवली. म्हणून सांगते बाबांनो, वारा सुटला तर किल्ल्यांची वाट बघू नका. पोलादाला किती घाव लागतील देव जाणे, तेव्हा जरा लवकर या.