पाण्याबाहेरचा दगड

जिवंत दगड म्हटलं की लोक हसतात. दगड कसला जिवंत, म्हणे. अहो, समुद्रातून आलेला खडबडीत तुकडा असतो तो. त्याच्या भोकाभोकांत बारीक जीव राहतात आणि तेच माशांच्या टाकीतलं पाणी स्वच्छ ठेवतात. पण प्रवासात त्यातले निम्मे मरतात, आणि ते सडून संपायच्या आत मासे सोडले तर मासेही जातात. म्हणून दगड आधी दीड-दोन महिने अंधारात, खाऱ्या पाण्याच्या पिंपात ठेवायचा. पंप रात्रंदिवस चालू. दर दोन दिवसांनी बाहेर काढून मेलेलं सगळं ब्रशनं खरवडायचं. वास असा मारतो की बायको असती तर माहेरी गेली असती. माझ्याकडे आई आहे, तिला जायला जागा नाही.

या वेळचा दगड दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या टाकीसाठी होता. पिंप नेहमीप्रमाणे मागच्या बाथरूममध्ये. चौथ्या दिवशी त्यातून आवाज आला. टक्, टक्. जरा थांबून पुन्हा टक्.

काय आहे ते मला कळलं. बोटाएवढी कोळंबी असते एक, दगडात लपून येते आणि शिंपले फोडायला ठोसे मारते. या धंद्यात मी काल आलेलो नाही. तरी ब्रश हातातून पडला.

बाबा असेच वाजवायचे. झटका आल्यावर त्यांची वाचा गेली, तेव्हापासून काही हवं असलं की पलंगाच्या लोखंडी दांडीवर अंगठी आपटायचे. दोनदा, मग थांबून एकदा.

आठ महिन्यांपूर्वीची ती दुपार. आई बाजारात गेली होती, जाताना "लक्ष दे रे" म्हणाली होती. मी पिंपापाशी, सगळ्यात मोठा दगड नुकताच बाहेर काढलेला. आवाज आला. म्हटलं, एवढी बाजू खरवडली की जातो. पुन्हा आला. मी वैतागलो, माणसाला दहा मिनिटं काम करू देत नाहीत असं म्हणालो. मनात नाही, चांगलं तोंडानं म्हणालो. मग दगड पाण्यात सोडला, हात पुसले आणि गेलो. बाबांचा हात दांडीवरच होता. ते नव्हते.

आईला सांगितलं, दार बंद होतं, पंप चालू होता, काही ऐकू आलं नाही. तिनं पुढे एक शब्द विचारला नाही. थाप पचली. मला सोडून सगळ्यांना पचली.

म्हणून आईच्या कानावर पडायच्या आत ही कोळंबी मला बाहेर काढायची होती. भोकांत गोडं पाणी सोडलं, तारेनं डिवचलं. ढिम्म. मी जवळ असलो की गप्प, पाठ वळवली की टक्. पाऊल वाजलं की हे प्राणी गप्पच बसतात, हे काय मला माहीत नाही? तरी एकदा मी त्या पिंपाला "आलो, आलो" म्हणून गेलो, आणि मग माझीच मला भीती वाटली.

शनिवारी दुपारी आई बाबांच्या खोलीत पडली होती. हल्ली ती तिथेच झोपते. मला हाक मारली तेव्हा पलंगावर उठून बसली होती.

"मागे काय वाजतंय?"

"कोळंबी आहे गं. दगडातून आली."

"ऐक."

आम्ही दोघं ऐकत राहिलो. बाथरूमचं दार बंद होतं. पंप चालू होता. पाण्यात बुडालेला तो एवढासा आवाज पार इथवर स्वच्छ येत होता. आई विचार सावकाश करते, पण पोचते.

"तिथलं इथे ऐकू येतं," ती म्हणाली. "मग इथलंही तिथे येत असणार."

वेळ मारून नेता आली असती. पण आठ महिन्यांत मी थकलो होतो.

"येतं," मी म्हटलं. "त्या दिवशी पण आलं होतं."

"किती वेळ वाजवत होते?"

दुसरा कुणी असता तर आठवत नाही म्हणाला असता. मला तेवढीही सोय नव्हती. दगड पाण्याबाहेर काढला की मी घड्याळ बघतो, पंधरा मिनिटांच्या वर ठेवत नाही, आतलं सुकतं.

"अकरा मिनिटं."

ती बराच वेळ चादर सारखी करत राहिली. आता बोलेल, वाटेल ते बोलेल, असं मला वाटलं. बोलायला हवंच होतं तिनं.

"मी आले होते बाजारातून," ती म्हणाली. "खाली फाटकापाशी शेजारणीशी बोलत उभी होते. ही खिडकी उघडी होती, मला ऐकू येत होतं सगळं. दोन जिने तर चढायचे होते. म्हटलं, मुलगा आहे घरी."